पीटूपी कर्जांची थकबाकी वाढत चाललीय, तुमच्याकडे काय परिस्थिती आहे?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, काल रात्री परत डॅशबोर्ड उघडला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

मी अडीच वर्षांपासून एका पीटूपी प्लॅटफॉर्मवर (जिथे बँकेऐवजी आपल्यासारखे लोकच दुसऱ्यांना कर्ज देतात) पैसे लावतोय. नाव मुद्दाम देत नाही, कोणाची बदनामी करायची नाहीये, मला हे समजून घ्यायचंय. आजपर्यंत एकूण २१४ कर्जांत पैसे गेलेत, प्रत्येकात अगदी थोडे, कारण तेव्हा जिथे तिथे हेच वाचलेलं की एका कर्जदारावर भिस्त ठेवू नका, विखरून लावा. पहिलं वर्ष खरंच छान गेलं. हप्ते वेळेवर यायचे, ऑटो इन्व्हेस्ट चालू होतं त्यामुळे आलेला हप्ता लगेच दुसऱ्या कर्जात जायचा आणि मी महिनोन्महिने बघतही नव्हतो. मग एकेक हप्ता उशिरा यायला लागला, म्हटलं, होतं असं, येतील. आज ३१ कर्जं ९० दिवसांच्या वर थकलीयत. म्हणजे साडेचौदा टक्के. आणि त्याच प्लॅटफॉर्मच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात डिफॉल्ट दर (म्हणजे बुडीत धरलेल्या कर्जांचं प्रमाण) ३.८ टक्के!

सपोर्टला पाच मेल केले. पाचही वेळा एकच उत्तर, "आमची टीम कर्जदाराच्या संपर्कात आहे." कोणती टीम, कधी संपर्क केला, तो माणूस काय म्हणाला, काही नाही. पैसे अडकल्याचा राग आहेच पण त्या वाक्याचा जास्त आहे.

आणि अजून एक, जे जास्त बोचतंय. मी माझ्या मेहुण्याला पण यात आणलं. माझं पहिल्या वर्षाचं स्टेटमेंट दाखवून. त्याने त्याच्या बचतीतला बराच मोठा भाग टाकला. तो मला एका शब्दाने काही बोललेला नाही, आणि त्याचं ते न बोलणंच सहन होत नाही.

मला विचारायचंय ते हे की ३.८ आणि १४.५ हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असू शकतात? की कोणीतरी खोटं बोलतंय?

रातराणी

अगदी माझंच लिहिलंय असं वाटलं. माझी ९६ कर्जं आहेत, त्यातली १५ थकलेली. मला पण तेच "संपर्कात आहे" वालं उत्तर आलंय, शब्दन्शब्द. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघाल का, तोच प्लॅटफॉर्म आहे का ते विचारलंय.

शांतसागर

थोडं कडू लिहितो, राग मानू नका. १५ टक्के व्याजाने जो कर्ज घेतोय त्याला बँकेने एक तर नाही म्हटलंय किंवा तो बँकेत गेलाच नाहीये कारण उत्तर त्याला माहिती आहे. हे सगळं करारात लिहिलेलं असतं, मुद्दल बुडू शकतं म्हणून. आपण सगळे ते बॉक्सवर टिक करून पुढे जातो. चांगल्या वर्षी व्याज आपलं आणि वाईट वर्षी चूक प्लॅटफॉर्मची असं कसं चालेल?

उंबरठा

राग नाही आला. पण मी धोका नव्हता असं कुठे म्हटलंय? बुडणार हे धरूनच चाललो होतो, दहात एखादं जाईल असं मनाशी हिशोबातही घेतलं होतं. माझी तक्रार अशी की किती बुडतंय, कधीपासून बुडतंय हे मला वेळेवर कळलं नाही, आणि कळवणं ज्यांचं काम होतं ते अजूनही ३.८ दाखवतायत. मी धोका पत्करला होता, अंधार नव्हता पत्करला.

रातराणी, हो, तोच.

हिशोबनीस

धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल. दोन्ही आकडे खरे असू शकतात आणि कोणी सरळसरळ खोटं बोललेलंच असेल असं नाही. गोम भागाकारात आहे.

समजा एका प्लॅटफॉर्मने पहिल्या वर्षी १०० कर्जं दिली, दुसऱ्या वर्षी २००, तिसऱ्या वर्षी ४००. आणि समजा प्रत्येक वर्षाच्या कर्जांपैकी बरोबर १० टक्के बुडणार आहेत, पण बुडायला एक वर्ष लागतं. (खऱ्या आयुष्यात इतकं सरळ नसतं, पण कर्ज घेतल्या दिवशी कोणी बुडवत नाही, वेळ जातोच.) आता दुसरं वर्ष संपताना बघा. फक्त पहिल्या वर्षातली १० बुडालीयत आणि दिलेली आहेत ३००. दर ३.३ टक्के. तिसरं वर्ष संपताना ३० बुडाली, दिली ७००, दर ४.३. आता चौथ्या वर्षी नवीन कर्जं देणं थांबलं तर? ७० बुडाली, ७०० दिलेली, एकदम १० टक्के. कर्जदार पहिल्यापासून सारखेच होते, काहीच बिघडलं नाही, तरी आकडा ४ वरून १० वर उडी मारतो आणि लोक म्हणतात अरे अचानक काय झालं.

म्हणून जो प्लॅटफॉर्म जोरात वाढतोय त्याचा एकूण डिफॉल्ट दर बघून काही कळत नाही, नवीन कोरी कर्जं भाजकात बसलेली असतात आणि ती जुन्यांचं पाप झाकतात. बघायचं असतं ते तुकड्याने, म्हणजे अमुक महिन्यात दिलेल्या कर्जांचं पुढे काय झालं. याला व्हिंटेज म्हणतात, कर्ज देणाऱ्या कुठल्याही कंपनीत आतमध्ये हाच तक्ता बघतात. आपल्याला दाखवत नाहीत एवढंच.

दुसरं म्हणजे "डिफॉल्ट" कशाला म्हणायचं ते पण ज्याचं त्याने ठरवलेलं असू शकतं. तुम्ही ९० दिवस धरलेत. तुमच्या प्लॅटफॉर्मने १८० धरले असतील तर तुमची निम्मी कर्जं त्यांच्या हिशोबात अजून फक्त "उशीर" आहेत. अटींच्या पानावर शोधा, व्याख्या तिथे असते.

आणि तिसरं, हे फार कमी जण करून बघतात. १५ टक्क्यांचं बारा महिन्यांचं ईएमआय कर्ज, १०० दिले, तर व्याज किती मिळतं? बहुतेक जण १५ सांगतात. मिळतात ८.३. कारण मुद्दल दर महिन्याला परत येत असतं आणि व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. हप्ता ९.०३ चा बसतो, बारा हप्ते १०८.३. आता एक कर्जदार पहिलाच हप्ता न भरता गायब झाला तर तुमचे १०० गेले, आणि ते भरून काढायला बारा चांगल्या कर्जदारांचं संपूर्ण वर्षाचं व्याज लागतं. बाराला एक! १५ टक्के मिळवायचेच असतील तर आलेला प्रत्येक हप्ता लगेच नव्या कर्जात घालत राहावं लागतं, म्हणजे परत नवा माणूस आणि नवा धोका. जाहिरातीत व्याजदर असतो, ही बारा आणि एकची गोष्ट नसते.

रातराणी

बारा ला एक हे वाचून हात थांबला. मी सरळ ९६ मधली १५ म्हणजे ठीक आहे, बाकी ८१ चं व्याज येतंय ना असा विचार करत होते.

पायवाट

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मी घेतली होती ती बायबॅक गॅरंटीवाली कर्जं, म्हणजे कर्जदाराने ६० दिवस थकवलं की ज्या कंपनीने मूळ कर्ज दिलं ती ते आपल्याकडून परत विकत घेणार, व्याजासकट. दोन वर्षं एकही कर्ज बुडालं नाही, शून्य. मला वाटलं मी फार शहाणपणा केला. मग ती कर्ज देणारी कंपनीच अडचणीत आली आणि एका दिवसात सगळं "प्रलंबित" झालं. तेव्हा उमगलं की मी शंभर कर्जदारांवर विसंबले नव्हते, एकाच कंपनीवर विसंबले होते. कर्जदार थकत होतेच, फक्त ती कंपनी तोवर आपल्या खिशातून भरत होती म्हणून मला शून्य दिसत होतं. अजूनही तिथल्या पैशाचा पत्ता नाही.

वसुलीतला

मी सहा वर्षं वसुलीत काम केलंय, आधी फोनवर, मग फील्डला. आता सोडलं. "टीम संपर्कात आहे" म्हणजे आतमध्ये काय असतं ते सांगतो, कदाचित उपयोग होईल.

पहिल्या ३० दिवसांत माणूस फोन उचलतो. विसरला असेल, पगार उशिरा झाला असेल, यातले बहुतेक भरतात. ३० ते ६० मध्ये तो तारखा द्यायला लागतो, पाच तारखेला देतो, मग दहा. ९० नंतर नंबर बंद किंवा आपला नंबर ब्लॉक. म्हणून जे काही करायचं ते पहिल्या दोन महिन्यांत. वाईट गोष्ट अशी की कर्ज छोटं असेल तर त्यावर माणूस लावणं कोणालाच परवडत नाही. एक फोन करणारा माणूस दिवसाला शंभरेक खाती हाताळतो, मग यादी लावली जाते आणि मोठी रक्कम वर येते. तुमची विखरून टाकलेली छोटी छोटी कर्जं यादीत तळाला. कोर्टात जायचं तर वकिलाचा खर्च कर्जापेक्षा जास्त, म्हणून नोटीस जाते आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते.

अजून एक बघा करारात. वसूल झालेल्या पैशातून आधी कोणाचं कापलं जातं? बऱ्याच ठिकाणी आधी वसुलीचा खर्च आणि दंड, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम असतो. म्हणजे कर्जदाराने निम्मे भरले तरी तुमच्या खात्यात निम्मे येत नाहीत. आणि एका कर्जात तुमच्यासारखे पन्नास-शंभर जण असतात, त्यामुळे तुम्ही एकट्याने उठून त्या माणसावर दावा लावू शकत नाही, तुमच्या वतीने प्लॅटफॉर्मच करणार. त्यांना त्यात किती रस आहे? त्यांची फी बहुतेक कर्ज देतानाच कापून झालेली असते.

हे मी त्यांच्या बाजूने बोलत नाहीये, आत बसलेल्या पोरांचा दोष कमी असतो एवढंच. त्यांना यादी मिळते, ते फोन करतात.

सदाफुली

मी लिहू की नको विचार करत होते, कारण मी दुसऱ्या बाजूची आहे. मी अशा एका प्लॅटफॉर्मवरून कर्ज घेतलं होतं आणि सात महिने थकवलं होतं.

घरात आजारपण आलं, पहिलं कर्ज घेतलं. हप्ता जमेना म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून दुसरं घेतलं, त्यातून पहिल्याचा हप्ता भरला. मग तिसरं. हे तिन्ही एका महिन्याच्या आत मिळाले, कोणी काही विचारलं नाही, कारण क्रेडिट ब्युरोत (कोणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणारी संस्था) पहिल्याची नोंद दिसायच्या आत तिसरं हातात होतं. प्रत्येकाला वाटलं माझ्या डोक्यावर एकच कर्ज आहे. अर्जात विचारलं होतं दुसरं कर्ज आहे का, मी नाही लिहिलं. त्याची लाज आजही वाटते.

मी पळून गेले नव्हते, फोन उचलत नव्हते कारण रोज चार-पाच ठिकाणांहून फोन यायचे आणि सगळ्यांना सांगायला एकच गोष्ट होती की नाहीयेत. एका ठिकाणी एका माणसाने शांतपणे विचारलं की महिन्याला किती जमेल, आणि हप्ता निम्मा करून मुदत वाढवून दिली. ते कर्ज पूर्ण फिटलं. बाकी दोघांनी दंडावर दंड लावत आकडा इतका वाढवला की मी बघणंच सोडलं होतं, ती नंतर नातेवाइकांकडून पैसे घेऊन तडजोडीत मिटवली.

तुमच्या ३१ मध्ये माझ्यासारखे काही असतीलच. मला माफ करा म्हणायचा मला अधिकार नाही, पण वाटलं हेही इथे असावं.

उंबरठा

सदाफुलीताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी त्या ३१ नावांकडे (नावं दिसत नाहीत, नुसते आयडी) दोन महिने चोर म्हणून बघतोय. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर परत बघितलं, त्यातल्या नऊ जणांनी सात-आठ हप्ते नीट भरून मग थांबवलंय. नऊ जण अचानक चोर होत नाहीत.

जुनाखातेदार

मी यात फार आधीपासून आहे, त्यामुळे जरा मागचं सांगतो, कारण हे सगळं याआधी घडून गेलेलं आहे आणि दर वेळी नव्या लोकांना नव्याने लागतं.

आजच्या अर्थाने पीटूपी सुरू झालं ते ब्रिटनमध्ये, २००५ साली, झोपा नावाच्या कंपनीने. २००६ ला अमेरिकेत प्रॉस्पर आणि २००७ ला लेंडिंग क्लब. प्रॉस्परवर सुरुवातीला लिलाव असायचा, कर्जदार आपली कहाणी लिहायचा आणि पैसे लावणारे एकमेकांपेक्षा कमी व्याजाची बोली करायचे. त्या पहिल्या काळातली कर्जं फार मोठ्या प्रमाणात बुडाली. २००८ च्या शेवटी तिथल्या एसईसीने (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) कारवाई केली आणि २००९ ला प्रॉस्पर परत उघडलं ते कर्जदारांचे निकष कडक करून. म्हणजे दुरुस्ती झाली, पण ती पहिल्या लोकांच्या पैशावर.

चीनमध्ये तर कर्जदार तरी खरे होते का हा प्रश्न होता. इझुबाओ नावाच्या प्लॅटफॉर्मवर सुमारे ९ लाख लोकांचे ५० अब्ज युआनच्या वर पैसे गेले, २०१६ च्या सुरुवातीला अटका झाल्या तेव्हा बाहेर आलं की बहुतेक प्रकल्प बनावट होते, जुन्यांना नव्यांच्या पैशातून देत होते. तिथे एकेकाळी हजारोंनी प्लॅटफॉर्म होते. नोव्हेंबर २०२० पर्यंत एकही चालू उरला नव्हता.

ब्रिटनमध्ये लेंडी नावाची कंपनी मालमत्तेवर कर्ज द्यायची, तारण आहे म्हणून लोक निर्धास्त. मे २०१९ मध्ये कोसळली तेव्हा १६ कोटी पौंडांच्या वर बाकी होती आणि त्यातले किमान ९ कोटी थकीत. तारण असूनही. तारणाची किंमत कोणी ठरवली होती हा प्रश्न लोकांनी नंतर विचारला.

आणि राखीव फंडाबद्दल. ब्रिटनच्याच रेटसेटर कंपनीने लोकांचं नुकसान भरून काढायला फंड ठेवलेला होता आणि बरीच वर्षं तो पुरला. २०२० ला कोविड आल्यावर तोच फंड टिकवण्यासाठी त्यांनी मे महिन्यात पैसे लावणाऱ्यांचं व्याज निम्म्यावर आणलं. फसवणूक काही नव्हती, अटींत बसत होतं. पण असा फंड म्हणजे गॅरंटी नव्हे हे लोकांना त्या दिवशी कळलं.

पुढे लेंडिंग क्लबने २०२० च्या अखेरीला सामान्य लोकांसाठीच्या नोट्स (कर्जात छोटा वाटा घ्यायची सोय) बंद केल्या, झोपाने २०२१ ला पीटूपी गुंडाळून फक्त बँक म्हणून राहायचं ठरवलं, ब्रिटनच्याच फंडिंग सर्कलने २०२२ ला किरकोळ गुंतवणूकदारांचं दार बंद केलं. जे सगळ्यात मोठे होते त्यांनीच तुमच्या-माझ्यासारख्यांचा पैसा नको म्हटलं, मोठ्या संस्थांचा किंवा ठेवीदारांचा पैसा त्यांना सोपा पडला. हे मला थकबाकीपेक्षा जास्त सांगून जातं.

शांतसागर

जुनाखातेदार, मग नियम करणारे काय करत होते?

जुनाखातेदार

केले की नियम, बहुतेक उशिरा. ब्रिटनच्या एफसीएने (तिथली आर्थिक व्यवहारांची नियामक संस्था) डिसेंबर २०१९ पासून नवख्या माणसाला त्याच्या गुंतवणूकयोग्य पैशाच्या १० टक्क्यांवर पीटूपीत घालायला बंदी केली, आणि कंपनी बंद पडली तर चालू कर्जं कोण सांभाळणार याची तयारी आधीच दाखवायला लावली. भारतात रिझर्व्ह बँकेचे नियम २०१७ ला आले, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी कडक केले, प्लॅटफॉर्मने धोका आपल्या अंगावर घेणं किंवा याला ठरावीक परताव्याची हमी असलेली गुंतवणूक म्हणून विकणं चालणार नाही असं स्पष्ट केलं. युरोपात नोव्हेंबर २०२१ पासून धंद्यांना पैसे पुरवणाऱ्या अशा प्लॅटफॉर्मना दर वर्षी निदान मागच्या ३६ महिन्यांचे डिफॉल्ट दर जाहीर करावे लागतात. हा शेवटचा मला सगळ्यात कामाचा वाटतो. पण तिथेही ग्राहकांना दिलेली वैयक्तिक कर्जं त्या नियमात येत नाहीत.

हिशोबनीस

धागाकर्ते, एक करा. डॅशबोर्डवरून सगळी कर्जं डाउनलोड होतात का बघा. होत असतील तर त्यांचे तीन गट पाडा, पहिले दहा महिने, मधले दहा, शेवटचे दहा. आणि प्रत्येक गटाचं सारख्या वयाला काय झालं ते मोजा, म्हणजे उदाहरणार्थ पहिल्या चार महिन्यांतच किती जण ३० दिवसांच्या वर गेले. नुसती आजची थकबाकी मोजू नका, जुनी कर्जं जास्त जगलीयत त्यामुळे ती जास्त थकलेली दिसणारच. वय सारखं ठेवलं की मग खरं कळतं, मी वर लिहिलेला भागाकाराचाच खेळ आहे की खरोखर वाईट कर्जं यायला लागलीयत.

उंबरठा

दोन रात्री बसून केलं. फाइल डाउनलोड होते पण तारखा मजकुरात येतात त्यामुळे त्यातच एक रात्र गेली.

आधी आजची स्थिती. पहिले दहा महिने ५८ कर्जं, त्यातली ४ थकलेली. मधले दहा महिने ७१ कर्जं, ९ थकलेली. शेवटचे दहा महिने ८५ कर्जं, १८ थकलेली. इथेच मला धक्का बसला, कारण सगळ्यात नवीन गट सगळ्यात वाईट आहे, उलटं असायला हवं होतं ना?

मग हिशोबनीस म्हणाले तसं सारख्या वयाला. पहिल्या चार महिन्यांत ३० दिवसांच्या वर गेलेले: पहिल्या गटात ५८ मधले २. मधल्या गटात ७१ मधले ६. शेवटच्या गटात ज्यांचे चार महिने पूर्ण झालेत अशी ६१ कर्जं आहेत, त्यातले १४. साडेतीन टक्के, साडेआठ टक्के, तेवीस टक्के.

म्हणजे नुसता भागाकाराचा खेळ नाहीये. काहीतरी बदललं. मी जुने मेल शोधायला लागलो आणि अकरा महिन्यांपूर्वीचा एक सापडला. विषय होता "तुमचा अनुभव अधिक सोपा करण्यासाठी काही सुधारणा". मी तो उघडलेलासुद्धा नव्हता. आत चौथ्या परिच्छेदात एक ओळ, की ग्रेडची (कर्जदार किती भरवशाचा याच्या श्रेणीची, ए सगळ्यात वर) रचना सोपी केली असून सात ग्रेडच्या जागी पाच ग्रेड असतील. माझं ऑटो इन्व्हेस्ट "बी आणि त्यावरचे" असं लावलेलं आहे. आधी सी मध्ये बसणारे बरेच जण त्या दिवसापासून बी झाले. मी एकही सेटिंग बदललं नाही आणि माझे पैसे वेगळ्या लोकांकडे जायला लागले, त्याच व्याजदरात.

मला आता कळतंय की मी विखरून पैसे लावले ते २१४ लोकांत, पण त्या सगळ्यांना निवडणारा एकच होता, आणि त्याने निवडीची पट्टी खाली घेतली तेव्हा सगळे एकदम घसरले.

वसुलीतला

हे बरोबर पकडलंत. धंदा वाढवायचा दबाव आला की पहिली सैल होते ती हीच पट्टी. वसुलीला बसलेल्यांना हे सगळ्यात आधी जाणवतं, महिना-दोन महिन्यांत नवीन यादीचा वासच बदलतो, पहिलाच हप्ता न भरलेले वाढतात. पण आम्हाला कोणी विचारत नसे.

शांतसागर

उंबरठा, मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं त्यातला निम्मा भाग मागे घेतो. धोका आपलाच असतो हे माझं अजूनही मत आहे. पण बी म्हणून घेतलेली वस्तू आतून सी करून त्याच भावाने देणं हा कर्जदाराचा धोका नाही, ही विकणाऱ्याची गोष्ट आहे आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. मी तो मेल आला असता तर वाचला असता का? नसता वाचला.

पायवाट

ऑटो इन्व्हेस्ट आजच बंद करा आधी, मग बाकीचं. चालू कर्जांचे हप्ते येत राहतील ते बाहेर काढता येतात. सेकंडरी मार्केटला (जिथे आपली चालू कर्जं दुसऱ्या गुंतवणूकदाराला विकता येतात) जुनी कर्जं विकायची घाई करू नका मात्र, अशा वेळी सगळेच विकायला येतात आणि मुद्दलावर फार तोडून मागतात. नीट भरणारी कर्जं कमी भावात विकली जातात आणि थकलेली तुमच्याकडेच राहतात. माझं तसं झालंय.

उंबरठा

ऑटो इन्व्हेस्ट परवाच बंद केलं.

सपोर्टला सहावा मेल लिहिला, पण या वेळी "माझे पैसे कुठे आहेत" असं नाही विचारलं. तीन प्रश्न विचारले. तुमच्या पहिल्या पानावरच्या ३.८ मध्ये डिफॉल्ट किती दिवसांनंतर धरलाय. ग्रेड बदलल्यानंतर जुन्या सी मधले किती टक्के कर्जदार नव्या बी मध्ये आले. आणि महिन्यावार दिलेल्या कर्जांचा थकबाकीचा तक्ता द्याल का. चार दिवसांनी पहिल्यांदाच माणसाने लिहिलेलं वाटावं असं उत्तर आलं. डिफॉल्ट १८० दिवसांनंतर धरतात हे कबूल केलं. ग्रेडच्या प्रश्नावर "पद्धतीत बदल झाला आहे" एवढंच. तक्ता "अंतर्गत माहिती" म्हणून देता येणार नाही.

मग काल मेहुण्याकडे गेलो. फाइल बरोबर नेली होती. त्याला सगळं दाखवलं, तीन गट, तो मेल, ग्रेड. म्हटलं, मी तुला पहिल्या गटाचं स्टेटमेंट दाखवून आत आणलं आणि तू सगळे पैसे तिसऱ्या गटात टाकलेस, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तो बराच वेळ फाइल बघत बसला आणि म्हणाला दादा, माझी पण काढून दे ना अशी. रात्री एक वाजेपर्यंत दोघांनी मिळून त्याची १३० कर्जं लावली. ताई मध्येच येऊन चहा ठेवून गेली, काही विचारलं नाही. खूप दिवसांनी त्याच्याशी नीट बोलणं झालं.

प्लॅटफॉर्म तक्ता देत नसेल तर आपण आपला करूया का? कोणाचं नाव नको, रक्कम नको. फक्त कोणत्या महिन्यात किती कर्जं आणि त्यातली पहिल्या चार महिन्यांत किती ३० दिवसांवर गेली. या प्लॅटफॉर्मवर जे जे आहेत त्यांनी व्यनि करा, एकत्र करून सगळ्यांना पाठवतो आणि तोच कागद जोडून तक्रार करतो.

हिशोबनीस

तक्ता जोडायचं काम मी करतो. तारखा मजकुरात येतात त्याचं सूत्र पण देतो, म्हणजे बाकीच्यांची एक रात्र वाचेल. प्रत्येक गटात निदान दोन-तीनशे कर्जं जमली की मग त्याला वजन येईल, एकट्याच्या साठ कर्जांवर ते सहज म्हणतील की तुमचं नशीब.

सदाफुली

त्या तक्त्यात अजून एक रकाना ठेवाल का? ज्यांनी पाच-सहा हप्ते भरून मग थांबवलं ते वेगळे दाखवा. त्यांना मुदत वाढवून द्या असं तक्रारीत लिहिता आलं तर लिहा. ते भरतात, खरंच भरतात.

हिशोबनीस

ठेवतो, सदाफुली. चांगलं सुचवलंत.

रातराणी

माझं झालं मोजून. ९६ पैकी त्या मेलच्या आधीची ५२, चार महिन्यांत घसरलेली ३. नंतरची ४४, त्यातली चार महिने पूर्ण झालेली ३७, घसरलेली ९.

मी तो मेल पण शोधला. माझ्याकडे स्पॅममध्ये होता, तारीख तीच.